गाडीचा प्लग कुठे लावायचा?

विजेवरची स्कूटर घरी आली की पहिला प्रश्न पडतो तो चार्जिंगचा. 3 युनिट क्षमतेची रिकामी बॅटरी भरायला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. खर्च फार नाही. काळजी घ्यायची ती वायरिंगची. मोबाइलचा चार्जर नाममात्र वीज घेतो, गाडीचा मात्र तासन्‌तास सलग मोठा प्रवाह ओढतो. म्हणून वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली एक्स्टेन्शन वायर कृपा करून वापरू नका. बारीक तार तापते आणि सांधा सैल असेल तर तिथेच पेट घेऊ शकते. त्यापेक्षा पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून तांब्याची जाड, स्वतंत्र वायर ओढून घ्या. तिच्यावर एमसीबी हवाच, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीसुद्धा. पावसाळ्यात ओल्या फरशीवर शॉक बसला, तर क्षणात वीज तोडतो तो हाच. अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तर सर्वांत आधी. मोटार घेणार असाल, तर वीजबिलावरचा मंजूर भारही पाहा. 7 किलोवॅटच्या चार्जरसाठी तो बहुधा वाढवून घ्यावा लागतो. आणि हो, भर उन्हातून आलेली गाडी लगेच प्लगला लावू नका. बॅटरी थोडी निवू द्या.