कोंबालूची हवा आणि रोकफोरचे नाव

फ्रान्सच्या दक्षिण भागात, मध्य पर्वतराजीच्या दक्षिण कडेला आवेरों हा जिल्हा असून त्यातील रोकफोर-स्युर-सुलझों हे गाव कोंबालू नावाच्या चुनखडकी डोंगराच्या उतारावर वसलेले आहे. गावाची वस्ती जेमतेम सहाशेच्या घरात आहे, भोवती नाव घेण्यासारखी शेतजमीन नाही आणि नदी म्हणावी तर सुलझों हा लहानसा प्रवाह. तरीही येथे तयार होणाऱ्या निळ्या चीजमुळे हे नाव जगभराच्या बाजारपेठांत पोहोचले आहे. या ख्यातीचे श्रेय सहसा निसर्गाला दिले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण या गावाची संपत्ती जितकी डोंगराच्या पोटात आहे तितकीच ती राजाज्ञा, न्यायनिवाडे आणि कायदे यांच्या कागदांत आहे.

डोंगराची रचना प्रथम पाहिली पाहिजे. कोंबालूचा माथा ज्युरासिक काळातील चुनखडकाचा असून तो मऊ, चिकणमातीयुक्त थरांवर टेकलेला आहे. पाण्याने हे खालचे थर भिजून घसरले, तेव्हा वरच्या खडकाची कड तुटून उतारावर कोसळली आणि प्रचंड शिळांच्या त्या ढिगाऱ्यात पोकळ्या व खोल भेगा राहिल्या. या भेगांना स्थानिक लोक ‘फ्लरीन’ म्हणतात. बाहेरची हवा त्यांतून वाहताना ओल्या खडकाला लागून थंड व दमट होते, त्यामुळे तळघरांत वर्षभर सुमारे 8 ते 12 अंश सेल्सियस तापमान आणि 95 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता टिकते. आज ज्यांना गुहा म्हटले जाते त्या प्रत्यक्षात या ढिगाऱ्यात बांधलेल्या अनेक मजली इमारती आहेत. फ्लरीनच्या तोंडावरील दारे कधी उघडायची आणि कधी मिटायची, हे ठरवणे तळघराच्या प्रमुखाचे मुख्य कौशल्य समजले जाते.

दूध मात्र गावाचे नाही. ते येते भोवतालच्या प्रदेशातून, विशेषतः लार्झाकसारख्या पठारांवरून. या पठारांवर पडलेले पावसाचे पाणी चुनखडकातून थेट खाली मुरते, त्यामुळे तेथे गाई पोसण्याइतका ओला चारा नसतो; कोरड्या, विरळ गवतावर टिकते ती मेंढी, आणि तिच्या पिण्याच्या पाण्यासाठी तळाशी दगड बसवलेली उथळ तळी बांधावी लागत. लाकोन जातीच्या मेंढ्या हिवाळ्यात वितात, कोकरे लवकर तोडली जातात आणि साधारण जुलैपर्यंतचे दूध चीजसाठी जाते. या व्यवस्थेचा एक दूरचा परिणाम लक्षणीय आहे. मोठ्या संख्येने मारल्या जाणाऱ्या कोवळ्या कोकरांच्या मऊ कातड्यावर शेजारच्या मियो शहरातील हातमोज्यांचा धंदा उभा राहिला, म्हणजे पॅरिसच्या श्रीमंत स्त्रियांच्या हातांवरील मोजे हेही एका अर्थी चीजचेच उपउत्पादन होते.

कच्चे दूध साकळवून बनवलेल्या चीजच्या चाक्यांत ‘पेनिसिलियम रोकफोर्ती’ ही बुरशी मिसळलेली असते. पूर्वी ती राय या धान्याच्या पावावर वाढवीत. चाकीला सुयांनी आरपार भोके पाडली की आतला वायू बाहेर पडतो, हवा आत शिरते आणि बुरशीच्या निळसर-हिरव्या शिरा पसरतात. एकूण मुरवणी किमान 90 दिवसांची असली तरी गुहेत उघडी ठेवण्याचा सक्तीचा काळ किमान 14 दिवसांचाच आहे. त्यानंतर चाकी कथिलाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून शीतगृहात जाते. जाहिरातींतील गुहा आणि हिशेबातील शीतगृह यांचे हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चाक्या खरवडण्याचे, उलटण्याचे आणि गुंडाळण्याचे काम दीर्घकाळ ‘कबानिएर’ म्हटल्या जाणाऱ्या मजूर स्त्रियांनी त्या थंडीत व ओलीत केले, आणि खरवडून निघालेला लगदा गरिबांच्या पावाला लागत असे.

गावाच्या हक्काची कागदोपत्री परंपरा जुनी आहे. 1411 मध्ये राजा सहावा शार्ल याने येथील रहिवाशांना हे चीज मुरवण्याचा विशेषाधिकार दिला, तर 1666 मध्ये तुलूझच्या उच्च न्यायपीठाने नकली मालाला रोकफोरच्या नावाने विकण्याची मनाई केली. एकोणिसाव्या शतकात व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन मोठ्या कंपन्या उभारल्या, 1870च्या दशकात रेल्वे जवळच्या तूर्नमीरपर्यंत आली, आणि मागणी इतकी वाढली की कॉर्सिका बेटावर व पिरेनीज पर्वतात दुग्धशाळा काढून तेथील ताज्या चाक्या मुरवण्यासाठी कोंबालूला आणल्या जाऊ लागल्या. याचा अर्थ स्पष्ट आहे: दुधाचा भूगोल ताणता येत होता, गुहेचा नव्हता. 26 जुलै 1925च्या कायद्याने या चीजला फ्रान्समधील चीजपैकी पहिले उगमनामाचे संरक्षण मिळाले आणि फक्त मेंढीचेच दूध वापरण्याचे बंधन पक्के झाले. भारतात 2003 पासून अमलात असलेला भौगोलिक संकेतांचा कायदा याच विचारकुळातला आहे. पुढे 1961 मध्ये मियोच्या न्यायालयाने असा निर्णय दिला की, ही पद्धत इतर ठिकाणच्या गुहांत वापरता आली तरी नाव मात्र कोंबालूच्या नैसर्गिक गुहांत मुरलेल्या मालालाच लावता येईल. कालांतराने दुधाचे क्षेत्रही आवेरों व लगतच्या जिल्ह्यांपुरते आखले गेले, तेव्हा पिरेनीजच्या मेंढपाळांनी आपल्या ‘ओसो-इराती’ या चीजसाठी 1980 मध्ये स्वतंत्र नामसंरक्षण मिळवले.

नावाचे संरक्षण झाले, पण नफ्याच्या वाटणीचा प्रश्न त्याने सुटला नाही. हजारो मेंढपाळ दूध देत आणि मूठभर कंपन्या गुहांच्या मालक असत. जमिनीविषयीची जिद्द याच मेंढपाळांनी वेगळ्या प्रसंगी दाखवली: 1971 मध्ये लार्झाकवरील लष्करी तळ सुमारे 3,000 हेक्टरांवरून 17,000 हेक्टरांपर्यंत वाढवण्याची घोषणा झाली, तेव्हा 103 शेतकऱ्यांनी जमीन न सोडण्याची शपथ घेतली आणि दहा वर्षांच्या लढ्यानंतर, 1981 मध्ये, राष्ट्राध्यक्ष मित्तेराँ यांनी ती योजना रद्द केली. 1999 मध्ये युरोपने संप्रेरके दिलेल्या गुरांच्या मांसावर घातलेल्या बंदीच्या प्रत्युत्तरात अमेरिकेने रोकफोरवर 100 टक्के जकात लावली. रोकफोरसाठी दूध पुरवणारे मेंढपाळ जोझे बोव्हे आणि त्यांचे सहकारी यांनी या जकातीच्या निषेधार्थ त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मियो येथे बांधकाम चालू असलेले मॅकडोनाल्डचे उपाहारगृह मोडून काढले, आणि एका लहानशा गावाचा माल जागतिकीकरणाच्या वादात मध्यभागी आला. 2009च्या जानेवारीत ही जकात 300 टक्के करण्याची घोषणा झाली. ती लागू होण्यापूर्वीच मे महिन्यात समझोता झाला.

त्यानंतरचा धोका परक्या सरकारकडून आलेला नाही. सर्वांत मोठा गुहामालक असलेला ‘सोसिएते’ हा ब्रँड आज लॅक्टालिस या दुग्धसमूहाकडे आहे, आणि 2019 मध्ये त्याच ब्रँडखाली मेंढीच्या पाश्चरीकृत दुधाचे निळे चीज बाजारात आणले गेले. त्यावर रोकफोर हे नाव नाही, त्यामुळे कच्चे दूध आणि कोंबालूची हवा यांचे बंधनही त्याला लागू होत नाही. वेष्टन मात्र ओळखीचे ठेवल्याने ग्राहकाची दिशाभूल होते, असा आक्षेप मेंढपाळांच्या बाजूने घेतला गेला. शतकानुशतके गावाने नावाचा वापर इतरांना करू दिला नाही, आणि आता त्याच्याच गुहांचा मोठा मालक नावाशिवाय तशाच दिसणाऱ्या मालाचा व्यापार करून पाहत आहे.