पंचनामा हेक्टरचा की चुलीचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि सिंदफणा या नद्यांनी जे थैमान घातले, त्याला ओला दुष्काळ म्हणावे की नाही यावर मुंबईत बराच काथ्याकूट झाला. एरवी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या परांडा, भूम, करमाळा, माढा या तालुक्यांतील गावांना त्या शब्दच्छलाशी कर्तव्य नव्हते. हातातोंडाशी आलेले सोयाबीन पाण्याखाली कुजले, कापूस आणि तूर उभ्या जागी पिवळी पडली. नदीकाठच्या शेतांतून तर पिकाबरोबर मातीही गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला.

शासनाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटी रुपयांचे साह्य जाहीर केले. आकडा मोठा आहे आणि त्यातून काहीच मिळाले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. परंतु तो आकडा शेतापर्यंत उतरवून पाहिला पाहिजे. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांनुसार कोरडवाहू पिकाच्या नुकसानीस हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे गुंठ्याला ८५ रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या हिशेबाने एका हेक्टरचे साह्य म्हणजे जेमतेम एक क्विंटल साठ किलो सोयाबीनची किंमत. रब्बीच्या बियाण्यासाठी आणखी १०,००० रुपये जोडून राज्याने ही रक्कम १८,५०० केली आणि मर्यादा तीन हेक्टरपर्यंत नेली. विरोधी बाकांवरून हेक्टरी ५० हजारांची मागणी झाली. सारा वाद दराचा झाला. माप कोणते असावे, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

वस्तुतः खरा प्रश्न मापाचाच आहे. तीन हेक्टरच्या धन्याला या दराने ५५,५०० रुपये मिळतात. अर्धा हेक्टर कसणाऱ्या विधवेला, सातबारावर तिचे नाव चढले असेल तर, ९,२५० मिळतात. तिच्या शेजारी राहणाऱ्या आणि दोघांच्याही रानात खुरपणी-काढणी करणाऱ्या मजूर बाईला या खात्यातून काहीही मिळत नाही, कारण तिचे बुडाले ते पीक नव्हे, काम होते. आणि बुडालेल्या कामाचा पंचनामा करण्याची रीत नाही. दर ५० हजार केला तर पहिल्याचे दीड लाख होतील, दुसरीचे २५ हजार होतील आणि तिसरीचे शून्य ते शून्यच राहील. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात स्वतःची शेती कसणारे सुमारे १ कोटी २६ लाख, तर शेतमजूर सुमारे १ कोटी ३५ लाख होते. ज्या राज्यात मजूर शेतकऱ्यांहून अधिक आहेत, तेथे केवळ हेक्टर मोजणारे साह्य निम्म्याहून अधिक श्रमिकांना दारातच अडविते.

बटाईदाराची अवस्था याहून चमत्कारिक आहे. बियाणे त्याचे, खत बहुधा त्याचेच, कर्ज खासगी सावकाराचे, आणि अनुदान मात्र सातबाराच्या धन्याच्या खात्यात. मालक भला असेल तर वाटा देतो. कसेल त्याची जमीन हे तत्त्व ज्या राज्याने कायद्यात आणले, त्याच राज्यात आज कसणाऱ्याचे नाव पीकपाहणीत लागू नये म्हणून मालक दक्ष असतो, कारण 'कूळ लागेल' ही धास्ती अजून गेलेली नाही. खंड तोंडी, बटाई तोंडी, आणि पूर आला म्हणजे पुरावा लेखी हवा! कुळकायद्याच्या लढ्यात आयुष्य वेचणाऱ्यांना हा शेवट खचित अभिप्रेत नव्हता.

विम्याविषयी थोडक्यात. खरीप २०२३ पासूनचा एक रुपयातील विमा २०२५ मध्ये बंद झाला. त्यात बोगस अर्जांचा सुळसुळाट होता हे खरे. परंतु उंदीर मारण्यासाठी कोठारच पाडण्याचा हा प्रकार झाला. खरीप २०२५ पासून स्थानिक आपत्तीची आणि हंगामाच्या मध्यावरील नुकसानीची भरपाई वगळून केवळ पीककापणी प्रयोगावर हिशेब ठेवण्यात आला. एकाचे शेत नदीने खरवडून नेले आणि त्याच महसूल मंडळातील माळावरची शेते तगली, तर सरासरी त्या बुडालेल्याचा घात करते. नेमक्या ज्या वर्षी नद्या शेतात शिरल्या, त्याच वर्षी ही कात्री चालली.

मग माप कोणते असावे? यासाठी १९७२ कडे वळावे लागते. त्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाऊन, खडी फोडून माणसे जगली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या कामांची मजुरी तुटपुंजी होती, हाल अतोनात होते, रस्त्यांची कित्येक कामे पुढे वाहूनही गेली. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु हजेरीपत्रकावर नाव लावताना कोणी सातबारा मागत नव्हते. हाताला काम हवे, एवढीच पात्रता होती. मजुरांच्या मोर्चांनी आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीने त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आकाराला आला. १९७७ मध्ये तो मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातील नोकरदाराच्या व्यवसायकराचा पैसा खेड्यातील मजुराच्या हाती जावा, ही त्यामागील व्यवस्था आजही विचार करण्याजोगी आहे.

२०२५ च्या साह्यात या मार्गाची एक वाट होती. खरवडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाख रुपयांची कामे, असे जाहीर झाले. मजुरी आणि सामग्री यांचे ६०:४० हे प्रमाण धरले तर तीन लाखांतील एक लाख ऐंशी हजार ही मजुरी होते. त्या वर्षीच्या ३१२ रुपये रोजाने एका हेक्टरमागे सुमारे पावणेसहाशे दिवसांचे काम. एका गावात अशी वीस हेक्टर जमीन असेल तर साडेअकरा हजार दिवसांचे! तलावातील गाळ आणून पसरणे, बांध घालणे, ताली बांधणे, बुजलेल्या विहिरी उपसणे, हे शेतकऱ्याचे शेत आणि मजुराची चूल एकाच वेळी उभी करणारे काम आहे. मालकाला जमीन परत मिळते आणि मजुराला मुकादमाची उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकावा लागत नाही. मात्र तेथे जेसीबी उतरला की मजुरी यंत्रमालकाच्या खिशात गेलीच म्हणून समजावे. दगडगोटे उपसण्यास यंत्र लागते हे मान्य. माती पसरण्यास आणि बांध रचण्यास माणसे लागतात.

ही वाट आता अधिक अरुंद झाली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले, ते दर्शनी भागात. पूर्वी अकुशल मजुरीचा सारा खर्च केंद्र करीत असे. नव्या कायद्यात बहुतेक राज्यांसाठी ६०:४० अशी वाटणी आहे, आणि केंद्राने ठरवून दिलेल्या रकमेपलीकडचा बोजा राज्याने उचलावयाचा आहे. पुराच्या वर्षी कामाची मागणी ठरीव रकमेत बसत नाही, ती दुप्पट-तिप्पट होते. अशा वर्षी तिजोरी रिकामी असल्याचे सांगणे कोणत्याही मंत्र्याला जड जाणार नाही.

आणखी एक साधन हाताशी आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतच, ज्यांची उपजीविका गंभीररीत्या बाधित झाली अशा कुटुंबांसाठी निर्वाह-साह्याची तरतूद आहे. तिला जमिनीची अट नाही. वायनाडच्या २०२४ च्या दरडीनंतर केरळ सरकारने बाधित कुटुंबांतील दोन प्रौढांपर्यंत प्रत्येकी रोज ३०० रुपये, तीस दिवसांसाठी जाहीर केले होते. चहामळ्यातील मजूर त्यातून सुटला नाही. जे वायनाडमध्ये होऊ शकते, ते परांड्यात का होऊ नये, हा प्रश्न प्रत्येक तहसील कचेरीत लेखी विचारला गेला पाहिजे.

मजुराचा प्रश्न पुढे केल्याने शेतकरी दुखावेल, चळवळीत फूट पडेल, अशी भीती काही जुन्या कार्यकर्त्यांना वाटते. ती अगदीच निराधार नाही. गावात दोघांचे संबंध मजुरीच्या दरावरून ताणलेले असतात. परंतु महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर होते. त्या शेतकऱ्याच्या घरातील कोणीतरी वर्षातून काही महिने दुसऱ्याच्या बांधावर राबतेच. पूर ओसरल्यानंतर तर तो स्वतःच मजूर होतो. चुलीची यादी झाली तर त्याचेही नाव तिच्यात दोनदा लागते, एकदा शेतासाठी आणि एकदा हातासाठी.

ही यादी तलाठी करणार नाही. कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनाही तशी आज्ञा नाही. ती शाखांनी करावयाची आहे, आणि पूर येण्याआधी. गावातील प्रत्येक चुलीपुढे चार गोष्टी लिहाव्यात: स्वतःची जमीन किती, बटाईने किती, मजुरीवर हात किती, जनावरे किती. विधवा आणि परित्यक्तांच्या वारसनोंदी अडल्या असतील तर त्याच वेळी अर्ज करून पोच घ्यावी. बटाईदारांच्या नावांना मालक हरकत घेतील. तेथे मालकी हक्काशी संबंध नाही, केवळ पिकाच्या नुकसानीपुरती नोंद आहे, असे ग्रामसभेच्या ठरावातच लिहून घ्यावे. यादी मे महिन्याच्या ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात चढवावी, एक प्रत तहसीलदाराच्या आवक-जावक शिक्क्यानिशी शाखेच्या दप्तरात ठेवावी, आणि पंचनाम्याला अधिकारी गावात येतील त्या दिवशी ती त्यांच्यापुढे ठेवावी.