सर्किट



परवा संध्याकाळी निवृत्ती चौकातून जाताना आपल्या व्याख्यानमालेचा फळा दिसला. माझं नाव आणि खाली विषय : ‘नैराश्य आणि मेंदूतली सर्किट्स’. फळ्याजवळच्या एका गड्यानं मला गाठलं. ‘‘सर, यंदा सर्किटवर बोलणार म्हणं? आमच्या तालमीत पाच-सहा हाइत, आणून पुढं बसवतो.’’ ते आलेत का, हे पुढच्या रांगेवरून काही कळत नाही. (हशा)

मला बोलायचं होतं ते मेंदूतल्या पेशींच्या जोडण्यांविषयी, पण त्यानं माझं काम सोपं केलं. आपल्याकडं चारचौघांसारखं वागत नाही तो ‘सर्किट’. फारच झालं तर ‘रत्नागिरीला नेऊन सोडा त्याला’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. आणि जो काहीच करत नाही, भिंतीकडं तोंड करून दिवसभर पडून राहतो, त्याला आपण सर्किटही म्हणत नाही. तो आळशी. मी आज या दुसऱ्या माणसाविषयी बोलणार आहे.

आधी एक कबुली देतो. मी मनोविकारतज्ज्ञ नाही, शरीरक्रियाशास्त्राचा मास्तर. वर्गात बरीच वर्षं मी एका वाक्यात हा विषय उरकत असे : मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झालं की नैराश्य येतं, गोळीनं ते वाढलं की जातं. विहिरीचं पाणी आटलं, टँकर आणून ओता, असा हिशेब.

या समजुतीचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो, हे ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि जगाचं लक्ष त्या मुळीकडं गेलं. पुढं तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. ते घेणाऱ्या काही रोग्यांचा रक्तदाब उतरला, पण मनही उतरलं. 1955 च्या सुमारास कळलं, की रेसर्पिन मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा करतं. मग काय, साठा संपला म्हणून माणूस खचला, हे गणित जमलं.

पण गणितात एक खोट राहिली. नैराश्यावरची गोळी घेतल्यापासून काही तासांतच मेंदूच्या पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन वाढतं. रोग्याला मात्र बरं वाटायला दोन-चार आठवडे लागतात. टँकर आला, विहीर भरली, तरी पीक महिनाभर मान टाकून. मग मधल्या दिवसांत मेंदूत काय चाललेलं असतं?

मुंबईच्या विदिता वैद्य या प्रश्नाच्या मागं लागल्या. सेंट झेविअर्स कॉलेजमधून त्या अमेरिकेत येल विद्यापीठात गेल्या. तिथं रोनाल्ड ड्युमन यांच्या प्रयोगशाळेत याच कोड्यावर काम चाललं होतं : औषधानं पेशींच्या वाढीचं खत वाढतं का, पेशींच्या फांद्या नव्यानं फुटतात का. त्यांच्याकडं पीएच.डी. करून, पुढं स्वीडन आणि ऑक्सफर्डला काम करून त्या परतल्या आणि 2000 पासून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहेत. 2015 चा भटनागर पुरस्कार आणि 2022 चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. पुरस्कारांचं एवढं पुरे, आपण उंदरांकडं वळू.

उंदराचं पिल्लू जन्मलं, की दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास त्याला आईपासून दूर ठेवायचं. मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. फक्त तीन तास आई नाही. नंतर त्याला आपल्या गतीनं वाढू द्यायचं. मोठं झालं, की जमिनीपासून उंच ठेवलेल्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या फळीवर सोडायचं. चारांतल्या दोन बाजूंना भिंती आहेत, दोन उघड्या. साधा उंदीर उघड्या फळीवर येतो, हुंगतो, कडेवरून खाली डोकावतो, परत जातो. आईपासून तोडलेला कोपऱ्यापर्यंत येतो, मान बाहेर काढतो, मिश्या हलवतो आणि भिंतीआड गडप होतो. उंदरांच्या हिशेबात लहानपण सरून जमाना झालेला असतो. भीती मात्र तिथंच.

विदिता वैद्य यांच्या गटानं पाहिलं, की यात सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरचा, म्हणजे पेशीवरच्या एका कुलपाचा, मोठा हात असावा. त्या कोवळ्या दिवसांत हे कुलूप औषधानं अडवून धरलं, तर आईपासून तोडलेली पिल्लंही मोठेपणी एवढी भित्री होत नाहीत. 2020 मध्ये ते आणखी पुढं गेले. आईला लांब केलंच नाही. पिल्लांच्या पुढच्या मेंदूतल्या उत्तेजक पेशी तेवढ्या त्या दिवसांत कृत्रिमरीत्या जागत्या ठेवल्या. पिल्लं मोठेपणी भित्री आणि हताश निघाली. हेच मोठ्या उंदरांत केलं, तर तसा कायमचा परिणाम दिसला नाही.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला पुस्तक लागू नये. गुऱ्हाळात काहिलीत रस तापायला लागला, की गुळव्या भेंडीचं पाणी टाकतो. मळी वर येते, ती काढून टाकतो. तेच पाणी पाक घट्ट झाल्यावर ओता. मळी आतच राहते आणि रवा काळपट निघतो. भेंडी तीच, रस तोच, चुलवाणही तेच. वेळ चुकली.

याहून चक्रावणारी गोष्ट पुढं आहे. मोठ्या उंदराला फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध दिलं, की त्याची भीती कमी होते. तेच औषध जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत दिलं, तर तो मोठेपणी उलट घाबरट आणि खचलेला निघतो. एकच द्रव्य, दोन वयांत दोन तोंडांचं. माझं वर्गातलं एका वाक्याचं उत्तर इथं निकालात निघालं.

इथं बसलेल्या बायाबापड्यांना हात जोडून सांगतो, हे ऐकून कुणी गरोदर लेकीसुनेच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. उंदरावरून माणसावर एका उडीत जाता येत नाही, आणि आईचं नैराश्य तसंच ठेवणं हेही बाळाला सोसत नाही. तो निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यायचा.

दुसरं, ‘आई लांब गेली म्हणून पोर बिघडलं’ असा बोभाटा या प्रयोगावरून करू नका. थंडीत उसाच्या फडात जाऊन बघा. पहाटे कोयता चालतो आणि बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत तान्हं मूल रडतं. ती बाई हौसेनं लांब गेलेली नसते. दोष द्यायचाच असेल, तर फडाशेजारी पाळणाघर का नाही, हे विचारा.

आता शेवटचं. या प्रयोगशाळेतली मला सर्वांत भावलेली गोष्ट 2019 सालची आहे. सेरोटोनिन उंदरांच्या मेंदूच्या पेशींत मायटोकाँड्रिया वाढवतं, म्हणजे पेशीला बळ पुरवणाऱ्या भट्ट्या वाढवतं, आणि ताणाखाली पेशीला तगवतं, असं त्यांना आढळलं. काम पुन्हा त्याच कुलपातून. ज्याला आपण मनाचं रसायन म्हणत आलो, ते पेशीच्या चुलवाणात जळणही घालतं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीतली माणसं आठवली. डॉक्टरांपुढं बसल्यावर ‘मी दुःखी आहे’ असं कोल्हापुरात कोण म्हणतं? बाई म्हणते, ‘‘अंगात बळच नाही, हात उचलत नाही.’’ बाप्या म्हणतो, ‘‘कशात जीव रमत नाही बघा.’’ मग आपण रक्त तपासतो, टॉनिक देतो. रक्त जरूर तपासा, पण टॉनिकच्या बाटल्यांची रांग लागली तरी बळ येत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढा. उंदरांवरून काढलेलं अनुमान माणसाच्या थकव्याला थेट चिकटवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ‘बळच नाही’ म्हणणारी ती बाई नाटक करत नव्हती, एवढं मानायला मला आता अडचण वाटत नाही.

घंटा झाली. संयोजकांना एक विनंती. चौकातला फळा उद्या पुसाल, तेव्हा माझ्या नावाच्या जागी 14416 लिहा. मानसिक आरोग्यासाठी 2022 पासून सुरू असलेली सरकारची टेली-मानस सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि त्या गड्याला सांगा, की तालमीतले पाच-सहा राहू देत, भिंतीकडं तोंड करून पडलेला कुणी असेल तर त्याला आणायचं होतं.