दार नाही, पण निवांतपणा आहे

आमच्या शनिशिंगणापुरात घराला चौकट असते, दार नसतं. गावाला याचा अभिमान आहे. पण दार नाही म्हणजे बाईला आडोसाही नाही. कोणी ना कोणी आत येतंच, आणि शनी अमावस्येला तर गावात पाय ठेवायला जागा नसते.

म्हणून आम्ही गटातल्या बायकांनी ठरवलं, दुपारी धुणीभांडी उरकली की अर्धा तास ओट्यावर बसायचं. हातात निवडणं नाही, शिवण नाही. अंगणातला गवती चहा घालून कपभर चहा, आणि जिला आठवेल तिने जात्यावरची ओवी म्हणायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या गावोगावच्या बायकांकडून गोळा केल्या. एवढं धन आपल्याच आज्यांचं!

आधी सासूबाई म्हणायच्या, “रिकाम्या बसता व्हय?” आता विसरलेली ओळ त्याच सांगतात.

तुमच्या घराला दार असेल तर ते लोटून बसा. नसेल तर आमच्यासारखं ओट्यावर. पण रोज अर्धा तास बसा.