मॉरिशसला जाणाऱ्या भगिनींसाठी चार शब्द
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळातील नऊ जणी मॉरिशसच्या सफरीला जायचे म्हणत आहेत आणि बरोबर पुरुषमाणूस कोणी नाही, हे कळल्यापासून घरोघरी एकच प्रश्न विचारला जात आहे : "तुम्ही बायका एकट्या कशा जाणार?" त्याचे उत्तर देण्यासाठी चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. मी काही विद्वान नाही. मराठी सातवीपर्यंत शिकले आणि मग संसाराला लागले. परंतु माझी धाकटी बहीण तेथील मराठी कुटुंबात दिली आहे. तिच्या बाळंतपणासाठी मी २०१८ साली एकटी गेले, आणि पुन्हा २०२४ साली जाऊन आले. तेव्हा जे पाहिले आणि उपयोगी पडले, तेवढेच सांगते.

प्रथम देशाविषयी. हिंदी महासागरात, मादागास्करच्याही पूर्वेस हे बेट आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथाईहूनही कमी. लोकवस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. १२ मार्च १९६८ रोजी हा देश स्वतंत्र झाला. मुंबईहून थेट विमान मिळाले तर सहा-साडेसहा तासांत आपण पोहोचतो. तेथील घड्याळ आपल्या दीड तास मागे असते.

आता ऋतूंचे. तेथे सारे उलटे आहे. आपल्याकडे थंडी पडते तेव्हा तिकडे उन्हाळा आणि पाऊस एकदमच. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा, मे ते ऑक्टोबर गारवा. जाणे आपल्या हाती असेल तर मे ते ऑक्टोबरमध्येच जावे. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. २०१८ च्या जानेवारीत बर्गिता नावाचे वादळ आले, तेव्हा मी बहिणीच्या घरीच होते. तेथे वादळाचे एक ते चार असे चढते इशारे देतात. पहिल्या इशाऱ्यालाच बहिणीच्या सासूबाईंनी पाण्याची भांडी भरून ठेवली, मेणबत्त्या काढल्या, दोन दिवसांचा शिधा पाहून घेतला. तिसरा इशारा लागला की बस बंद, दुकाने बंद, कोणी घराबाहेर पडायचे नाही. वारा थांबल्यासारखा वाटला तरी सरकारने इशारा उठविल्याशिवाय दार उघडायचे नाही. पाहुण्यांनीही हा नियम पाळावा. "एवढे काय होते, जरा समुद्र पाहून येऊ" असे मुळीच म्हणू नये.

आता कागदपत्रांचे, आणि हे मात्र नीट ऐका. आपल्या लोकांना सहलीसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परंतु पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. परतीचे तिकीट, उतरण्याच्या जागेचा पत्ता आणि खर्चापुरते पैसे आहेत हे दाखवावे लागते. तेथे पोहोचण्यापूर्वी एक अर्ज संगणकावर किंवा मोबाइलवर भरायचा असतो. तो मुलाकडून भरून घ्या, पण त्यात काय लिहिले ते वाचून घ्या. आपल्याकडे रीत अशी की सगळ्यांचे पासपोर्ट एकाच्या पिशवीत. ती पिशवी किंवा ते माणूस गर्दीत दिसेनासे झाले की बाकीच्यांनी काय करायचे? ज्या बाईचा पासपोर्ट, तिच्याच पर्समध्ये असावा. त्याची एक झेरॉक्स बॅगेत आणि एक घरी ठेवावी. पत्ता आणि फोन नंबर कागदावर इंग्रजीत लिहून घ्यावा. मला अधिकाऱ्याने इंग्रजीत काहीतरी विचारले. मी तो कागद आणि परतीचे तिकीट पुढे केले, त्याने शिक्का मारला. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी परत पाठवीत नाही.

पहिल्या खेपेस माझी मोठी बॅग विमान कंपनीच्या घोटाळ्याने दोन दिवस उशिरा आली. परंतु औषधे, चष्मा आणि एक साडी हातातल्या पिशवीत होती, त्यामुळे अडले नाही. तुम्हीही तसेच करा.

औषधांविषयी तेथील कायदा फार कडक आहे. झोपेच्या गोळ्या, दुखण्यावरच्या जालीम गोळ्या, खोकल्याची काही औषधे यांसाठी आधी परवानगी लागू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्यावी, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात आणि परवानगीचे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. शेजारणीने दिलेली पुडी नको. तसेच, "एवढा डबा आमच्या पुतण्याला द्या हो" असे कोणी म्हणाले तर हात जोडून नाही म्हणावे, मग ती कितीही जवळची असो. डब्यात काही भलतेच निघाले तर शिक्षा ज्याच्या हातात डबा त्याला. माझ्या जावेच्या मैत्रिणीला मी नाही म्हटले. ती चार महिने माझ्याशी बोलली नाही, पण रात्री मला झोप लागली.

तुळशीचे रोप, कढीपत्ता, फळे, बियाणे परवानगीशिवाय नेता येत नाही. पापड-मसाले न्यायचे असतील तर बंद पाकिटात न्यावेत आणि विचारल्यावर लपवू नयेत. दागिने घरी ठेवून जावे हे उत्तम. मंगळसूत्र-बांगड्यांहून अधिक काही नेलेच, तर निघताना मुंबईच्या विमानतळावरील कस्टमकडून दाखला घ्यावा, म्हणजे परत येताना प्रश्न उरत नाही.

पैसा तेथेही रुपयाच म्हणतात, पण तो त्यांचा रुपया, आपल्याहून महाग. २०२४ च्या फेब्रुवारीपासून आपले रुपे कार्ड आणि यूपीआय तेथे सुरू झाले आहे. तरी सगळ्या दुकानांत चालेल असे धरू नये. थोडी रोकड प्रत्येकीने स्वतःजवळ ठेवावी.

विमानतळ बेटाच्या आग्नेयेस आणि राजधानी पोर्ट लुई वायव्येस. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवावे. बसगाड्या स्वस्त आहेत, परंतु खेड्यांकडच्या गाड्या संध्याकाळी लवकर बंद होतात. पोर्ट लुईपासून क्यूरपिपपर्यंत मेट्रो झाली आहे. तिला आपल्या देशाने साहाय्य केले आहे. क्यूरपिप उंचावर आहे, तेथे ऊन असता असता पाऊस येतो. शाल आणि छत्री विसरू नये.

भाषेची भीती नको. लोक घरात क्रिओल बोलतात, फ्रेंच जाणतात. जुन्या बायकांना भोजपुरी येते आणि आपली मोडकी हिंदी पुष्कळांना कळते. दुकानात शिरताना आधी "बोंझूर" म्हणावे, मग भाव विचारावा. "कोम्ये?" म्हणजे केवढ्याला.

जेवणाचे हाल होत नाहीत. रस्त्यावर डाळपुरी मिळते. आपल्या पुरणपोळीसारखीच भरलेली, पण गोड नव्हे. तीत घेवड्याची भाजी आणि टोमॅटोची चटणी घालून देतात. डाळीचे तिखट वडे मिळतात. शाकाहारी असल्याचे आधी सांगावे म्हणजे झाले. डासांसाठी मलम न्यावे. २००५-०६ मध्ये तेथे चिकुनगुन्याची मोठी साथ येऊन गेली आहे.

समुद्र पाहून मन वेडे होते. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी पोवळ्यांचा बांध आहे. त्याच्या आत पाणी शांत असते. दक्षिणेला ग्री-ग्री येथे मात्र तो बांध नाही. तेथे काठावरूनच पाहावे, पाण्यात उतरू नये. इतरत्रही पायात रबरी चप्पल घालून उतरावे, कारण तळाशी काटेरी जीव असतात. पोवळी उचलून आणू नयेत. अडचण आलीच तर पोलिसांसाठी ११२ किंवा ९९९, आणि रुग्णवाहिकेसाठी ११४ हा नंबर पाठ करून ठेवा. विमा काढूनच निघा. परदेशी माणसाला दवाखान्याचा खर्च भरावा लागतो.

पाहायला पाम्प्लेमूसची बाग आहे, शामारेलची रंगीत माती आहे, गंगा तलाव आहे. परंतु पोर्ट लुईचा आप्रवासी घाट चुकवू नका. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे हिंदुस्थानातून कराराने तेथे नेली, बहुतेक उसाच्या मळ्यांवर राबायला. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे गेली, आणि त्यांत आपली कोकणातली माणसे होती. बायकाही होत्या. बंदरावरच्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. २००६ साली युनेस्कोने ती जागा जागतिक वारशात घेतली. त्या बायकांपैकी कितीजणींना करारावर काय लिहिले आहे ते वाचता आले असेल? दुसऱ्याने सांगितले आणि त्यांनी अंगठा उठविला. आपल्याला वाचता येते. मग आपला कागद दुसऱ्याच्या पिशवीत आणि आपला पत्ता दुसऱ्याच्या डोक्यात का ठेवायचा?

त्यांच्याच वंशातली मराठी कुटुंबे आज तेथे आहेत. गणेश चतुर्थीची तेथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. त्यांच्या आडनावांचे उच्चार बदलले आहेत, काहींचे मराठी अडखळते. त्यांना हसू नका, सुधारायलाही जाऊ नका. इतक्या पिढ्या समुद्रापलीकडे राहून त्यांनी गणपती सांभाळला. त्यांच्या घरी गेलात तर ओटी भरायला खण घेऊन जा, आणि दोन घटका मराठी बोलत बसा. त्यांना त्याहून मोठी भेट नाही.

तेव्हा भगिनींनो, "एकट्या कशा जाणार?" असे कोणी विचारले तर भांडू नका. आपला पासपोर्ट, आपले पैसे, आपली औषधे आणि पत्त्याचा कागद समोर ठेवा आणि "अशा जाणार" म्हणून सांगा. सफर सुखरूप होवो.