लळा आधी, वळण मागून

मुंबई-पुण्यातल्या प्राणी-निवाऱ्यांत भटक्या कुत्र्यांबरोबर आज जातिवंत कुत्रेही असतात आणि त्यांत लॅब्राडोर हमखास दिसतो. दीड-दोन महिन्यांचं गुबगुबीत पिलू हौसेनं घरी येतं. दोन वर्षांत ते तीस किलोचं होतं, चपला कुरतडतं, घरभर केस सांडतं. मग कुणाची बदली होते, कुठे घरमालक कुरकुरतो, कुठे आजारपण निघतं आणि कुत्र्याची रवानगी होते. असा तीन-चार वर्षांचा लॅब्राडोर दत्तक घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाच्या मनात दोन शंका असतात. दुसऱ्याच्या घरी वाढलेल्या कुत्र्याला आपला लळा लागेल का? आणि या वयात त्याला वळण लागेल का?

पहिल्या शंकेचं उत्तर हंगेरीत मिळालं. बुडापेस्टच्या मार्ता गाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली निवाऱ्यातल्या प्रौढ कुत्र्यांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. एक अनोळखी व्यक्ती कुत्र्यासोबत तीनदा, दर खेपेला दहाच मिनिटं वेळ घालवी. त्यानंतर त्या कुत्र्याला परक्या खोलीत नेऊन त्याचं वागणं पाहिलं. लहान मुलाला आईची ओढ किती, हे तपासायला मानसशास्त्रज्ञ जी चाचणी वापरतात, तिच्यावरच ही परीक्षा बेतलेली होती. ती व्यक्ती खोलीत परतली की तिला बिलगण्याची या कुत्र्यांची धडपड स्पष्ट दिसे. एकूण सहवास अर्ध्या तासाचा! माणसाला मुकलेला कुत्रा माणूस शोधतच असतो, एवढं यातून निश्चित कळतं.

पण लळा लागणं वेगळं आणि धास्ती जाणं वेगळं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका सरकारी निवाऱ्यातल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं, तेव्हा कॉर्टिसोल या ताण दाखवणाऱ्या संप्रेरकाचं प्रमाण पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त आढळलं. नव्या घरीही सुरुवातीला कुत्र्याचं बिनसलेलंच असतं. तो पलंगाखाली शिरतो, जेवणाला तोंड लावत नाही, रात्री दाराशी घुटमळतो. नेमक्या याच दिवसांत उत्साही मंडळी सगळ्या सोसायटीला त्याचं दर्शन घडवतात, मुलं त्याच्या गळ्यात पडतात. हे कटाक्षानं टाळायला हवं. त्याला एक शांत कोपरा द्यावा, जेवणाच्या आणि फिरायच्या वेळा ठरवून त्या पाळाव्यात. घरातल्या माणसानं जवळ जमिनीवर बसून आपलं काम करत राहावं आणि तो आपणहून येईपर्यंत थांबावं. निवाऱ्यातले कार्यकर्ते ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा ठोकताळा सांगतात: तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत कळायला आणि तीन महिने घर आपलं वाटायला. प्रत्येक कुत्रा हे वेळापत्रक पाळत नाही, पण घाई न करण्यापुरता ठोकताळा उत्तम आहे.

आता वळणाकडे. ‘कुत्र्याला पहिल्या दिवसापासून दाबात ठेवा, मालक कोण ते कळू द्या,’ हा सल्ला आपल्याकडे अजून सर्रास दिला जातो. त्याचं मूळ लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ साली कळपातल्या वर्चस्वाची मांडणी केली. डेव्हिड मेक यांच्या १९७०च्या पुस्तकानं ती जगभर पोचवली. पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर मेक यांच्याच लक्षात आलं की, कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. १९९९ साली त्यांनी जुनी कल्पना जाहीरपणे खोडून काढली. शास्त्रज्ञानं सोडलेली ही कल्पना पट्ट्याला हिसके देणाऱ्या प्रशिक्षकांनी मात्र सोडलेली नाही.

त्या हिसक्यांचा परिणाम पोर्तुगालमध्ये मोजला गेला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पोर्तो शहर परिसरातल्या प्रशिक्षणवर्गांतले ९२ पाळीव कुत्रे होते. शिक्षा आणि धाक यांवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोलही वाढलेलं होतं. मग एक साधी परीक्षा झाली. एका बाजूच्या भांड्यात नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूचं नेहमी रिकामं, हे कुत्र्यांना कळल्यावर भांडं मधोमध ठेवलं. बक्षिसावर शिकलेले कुत्रे आशेनं धावले, धाकात वाढलेले रेंगाळत गेले. एकदा घर सुटलेल्या कुत्र्याची उरलीसुरली आशा अशी मारून टाकणं हा अन्याय आहे.

लॅब्राडोरच्या बाबतीत तर धाकाची गरजच पडत नाही. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांकडे बर्फगार पाण्यातून जाळी आणि सुटलेले मासे ओढून आणत. एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंडला गेले आणि शिकारीत पडलेले पक्षी अलगद तोंडात धरून आणू लागले. म्हणूनच चप्पल, मोजा, टॉवेल असं काही ना काही तोंडात धरून आणणं हा त्याचा स्वभावच आहे. पाठलाग करून चप्पल ओढून घेतली तर तो वस्तू लपवायला शिकतो. खाऊचा तुकडा पुढे करून ‘दे’ म्हटलं आणि वस्तू घेतली, तर तो आणून द्यायला शिकतो. शब्द मात्र घरातल्या सगळ्यांनी एकच वापरावा. आजोबा ‘बस’ म्हणतात, नात ‘सिट’ म्हणते आणि बिचारा उभाच राहतो.

त्याला शिकवायची दुसरी किल्ली म्हणजे त्याची भूक. केंब्रिजच्या एलेनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवून दिलं की, सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. दिव्यांगांना मदत करण्यासाठी निवडलेल्या लॅब्राडोरमध्ये हेच प्रमाण तीन चतुर्थांशांच्या घरात निघालं. खाऊसाठी काहीही करायची तयारी असलेला कुत्रा भराभर शिकतो, हे त्यामागचं संभाव्य कारण. पण भुकेचं नाणं जपूनच वापरावं लागतं. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरच्या जोड्या लावून त्यांच्या जन्मभर चाललेल्या एका अभ्यासात, जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले, त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. म्हणून शिकवताना द्यायचा खाऊ वाटाण्याएवढा असावा आणि तो रोजच्या जेवणातून वजा व्हावा. काकुळतीच्या डोळ्यांना भुलून पोळीवर तूप घालू नये. द्राक्षं, मनुके, कांदा, चॉकलेट तर मुळीच नकोत. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुकेही त्याच्या मूत्रपिंडांवर बेतू शकतात.

शिकवणी पाच-पाच मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा पुरते. पहिला धडा नावाचा: नाव ऐकून वळून पाहिलं की खाऊ. दुसरा, हाक मारल्यावर येण्याचा. आल्यावर कधीही रागावू नये, उशिरा आला तरीही. तिसरा धडा एकटं राहण्याचा, आणि दत्तक कुत्र्यासाठी तोच सर्वांत अवघड, कारण माणूस गेला की परत येत नाही हे त्यानं अनुभवलेलं असतं. आधी दाराबाहेर क्षणभर जाऊन परत यावं, मग हळूहळू वेळ वाढवावी. दिवाळीच्या फटाक्यांत आणि ढोल-ताशांच्या दणदणाटात मात्र त्याला एकटं सोडू नये.

ज्यांच्या घरी सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवायला माणूस नाही, त्यांनी लॅब्राडोर आणूच नये. ज्यांच्याकडे माणूसही आहे आणि दहा-बारा वर्षांची तयारीही, त्यांनी पिलू विकत घेण्याआधी जवळच्या निवाऱ्यात एकदा जाऊन यावं, आणि पिंजऱ्यातल्या मोठ्या कुत्र्यापाशी निदान अर्धा तास बसावं.