प्रतिज्ञेतील ‘मी’

(वर्षावासानिमित्त पुसद तालुक्यातील एका विहारात दिलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांना धम्मदीक्षा घेऊन अजून फार काळ लोटलेला नाही. घरातील देव्हारे उतरले, त्या जागी तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर आली. त्याविषयी आपणांस पुष्कळांनी सांगितले असेल. मी पुन्हा सांगत नाही. दीक्षेच्या वेळी आपण जे शब्द उच्चारले, त्यांच्या व्याकरणाकडे मात्र आपले लक्ष वेधावयाचे आहे. मी जन्मभर शाळामास्तर होतो, तेव्हा एवढी सवलत द्यावी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंचा समुदाय जमला होता. आपल्या जिल्ह्यातूनही माणसे गेली होती. बाबासाहेबांनी त्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. समुदाय एवढा अफाट, पण प्रतिज्ञांत ‘आम्ही’ नाही. त्या एकेकाने स्वतःपुरत्या, ‘मी’ म्हणून घ्यावयाच्या आहेत. कोणा पंचाने वा पाटलाने साऱ्या वस्तीच्या वतीने त्या घेतल्या नाहीत. त्रिशरणातील ‘गच्छामि’ हे पाली क्रियापदही तसेच एकवचनी आहे. मी जातो. मात्र तिसरे शरण आहे ते संघाचे. एकटा माणूस आपल्या पायांनी चालत निघतो आणि पोहोचतो तो समुदायापाशी. निघताना त्याचा जो ‘मी’ होता, तो तेथे पोहोचल्यावर उंबऱ्याबाहेर काढून ठेवावयाचा काय, हा माझा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला पुस्तकात सापडलेला नाही. गेल्या महिन्यात एक मुलगी आपल्या वडिलांसह माझ्या घरी आली. गावाचे नाव मी सांगणार नाही. मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेऊन नोकरीस लागलेली आहे. तिने जो मुलगा पसंत केला, त्याच्या आजोबांनी मातंग समाजातून येऊन दीक्षा घेतली. मुलगा बौद्ध, मुलगीही बौद्ध. तेच त्रिशरण, तेच पंचशील. परंतु तिच्या वस्तीतील वडीलधाऱ्यांनी निर्णय दिला की मुलगा ‘आपल्यातला’ नाही. विहारात हे लग्न लागणार नाही, आणि लागलेच तर बापाच्या दारी सुखदुःखाला कोणी जाणार नाही. बाप मला म्हणाला, “गुरुजी, माझं मन तयार आहे. पण मला त्याच वस्तीत राहायचं आहे.”

त्या माणसाला भित्रा म्हणणे सोपे आहे. मी म्हणू शकलो नाही. माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नाच्या वेळी मुलीकडचे लोक सोमवंशी की लाडवन, ही चौकशी मीही एका मध्यस्थाकडून हळूच करून घेतली होती. नववी प्रतिज्ञा सर्व माणसे समान मानण्याची आहे. ती मला तेव्हाही तोंडपाठ होती.

समाजाने माणसाकडे काही मागूच नये, असे माझे म्हणणे नाही. आपल्या वाडवडिलांनी मेलेली जनावरे ओढण्याचे सोडले तेव्हा सर्वांनी मिळून सोडले, म्हणून ते टिकले. एखाद्याने रात्री चोरून ते काम केले असते तर गावाने उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कामाला जुंपले असते. तेथे वस्तीने एकाला अडविणे रास्त होते, कारण त्या एकाच्या वागण्याने साऱ्यांचा मान जात होता. या मुलीच्या लग्नाने कोणाचा मान जातो? जाते ती जुनी जात, जी आपण सोडली असे सांगतो. वस्ती माणसाला कशासाठी आवळते आहे ते पाहावे. आवळणे दोन्हीकडे सारखेच दिसते.

आपल्याच तालुक्यातील एक उदाहरण घ्या. गहुलीचे वसंतराव नाईक बंजारा समाजातले, आणि तेही तांड्याच्या नायकाच्या घरातले. म्हणजे जातीची रीत ज्या घराने राखावयाची, त्याच घरातला हा मुलगा. १९४१ साली त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी विवाह केला. त्या ब्राह्मण कुटुंबातल्या. विरोध दोन्ही बाजूंनी झाला. ऐंशी वर्षांपूर्वीचा पुसद डोळ्यांपुढे आणा म्हणजे त्याचे वजन कळेल. पुढे १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, १९५२ मध्ये आमदार, आणि १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. आज त्यांच्या नावाचा अभिमान धरणाऱ्यांना त्या लग्नाची अडचण वाटत नाही. मोठ्या माणसाला समाज मागाहून क्षमा करतो. आपली परिचारिका मुख्यमंत्री होणार नाही. तिला मात्र लग्नाच्या आधीच क्षमा हवी आहे, आणि खरे तर क्षमा तरी कशाची?

बाबासाहेबांनाही हे चुकले नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलाविले, भाषणातील मजकूर वाचून तो बदलावा असे सुचविले, त्यांनी नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. भाषण त्यांनी स्वतः छापले. जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच होय, हे त्याच भाषणात आहे. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, तेव्हा त्यांचे कित्येक अनुयायीच नाराज झाले. परके नव्हेत, आपलेच. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी सांगितले की या घटनेने गाव हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला, याचा मला आनंद आहे. गावाची थोरवी गाणाऱ्यांना ते रुचले नाही. पण गाव म्हणजे काय हे आपल्या लोकांनी विहिरीच्या काठावर उभे राहून पाहिलेले होते. पाणी बंद, दुकान बंद, शेतावरची मजुरी बंद. बहिष्काराचे हत्यार कसे चालते हे आपल्याला शिकवावे लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते आपल्याही हाती इतके सहज येते.

आता कायद्याविषयी. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा अधिनियम केला. तो २०१७ पासून अमलात आहे. कोणाला वाळीत टाकणे, त्याचे लग्नकार्य वा अंत्यविधी अडविणे हा त्यानुसार गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जातपंचायतींच्या जुलमामुळे हा कायदा आला, आणि आपण त्याचे स्वागत केले. त्यातून बौद्धांची वस्ती वगळलेली नाही, हे वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्यावे. तरी पोलिसांकडे जावे असा सल्ला मी त्या बापाला दिला नाही. त्याला त्याच वस्तीत राहावयाचे आहे, आणि पोलीस निघून गेल्यावर संध्याकाळ एकट्याने काढावी लागते.

मी त्या वडीलधाऱ्यांना जाऊन भेटलो. दोन वेळा. त्यांतील एक वयोवृद्ध गृहस्थ लहानपणी आपल्या बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला गेले होते. त्यांना मी विचारले, आपल्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा भावकीची परवानगी घेतली होती काय? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, चुलत्याने दोन वर्षे बोलणे टाकले होते. एवढेच म्हणाले, आणि उठून आत गेले. विहाराचा निर्णय बदललेला नाही.

तेव्हा मुलीने व मुलाने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली यवतमाळला नोटीस दिली आहे. तीस दिवस ती फलकावर राहील. त्यानंतर विवाहाच्या वेळी तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. पहिली सही माझी. दुसरी मुलीची आत्या करणार आहे. वस्तीतून तेवढी एकच बाई पुढे आली. तिसरी जागा अजून मोकळी आहे. आपल्यापैकी ज्यांना यावयाचे असेल त्यांनी भाषणानंतर मला भेटावे. पुसदहून सकाळच्या गाडीने निघू. परतीचे भाडे मी देईन.

जय भीम.